पल्प हा इंग्लिश बँड आधी १५ वर्षं कुणी ऐकला नाही आणि मग एकदम डोक्यावर कसा घेतला? ऐकायला सुरुवात कुठून करू?

१५ नाही, १७ धरा. गायक जार्व्हिस कॉकरनं इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बँड काढला १९७८ साली. तेव्हा तो शाळेत होता, वय १५. नाव ठेवलं 'अरेबिकस पल्प', तेही अर्थशास्त्राच्या तासाला पेपरातले कॉफीचे भाव बघून. ज्या गाण्यानं डोक्यावर घेतलं ते 'कॉमन पीपल' आलं १९९५ मध्ये. म्हणजे पोरगा ३१ वर्षांचा झाला होता.

मधली वर्षं फार वाईट गेली. सुरुवात मात्र झकास होती. १९८१ मध्ये त्यानं बीबीसी रेडिओवर नवे बँड वाजवणाऱ्या जॉन पीलच्या हातात डेमोची कॅसेट ठेवली आणि पीलनं खरंच रेकॉर्डिंगला बोलावलं. शाळकरी पोरांना वाटलं असणार, झालं आपलं काम. पीलकडचं पुढचं बोलावणं आलं १९९३ ला! तोवर बँडमधली माणसं येत-जात राहिली, 'इट' (१९८३) आणि 'फ्रीक्स' (१९८७) हे अल्बम आले आणि गेले, 'सेपरेशन्स' १९८९ मध्ये रेकॉर्ड होऊन १९९२ पर्यंत पडून राहिला. १९८५ मध्ये एका मुलीवर छाप पाडायला साहेब स्पायडरमॅनसारखे खिडकीबाहेर लटकले, पकड सुटली, हाडं मोडली. नंतरचे काही कार्यक्रम व्हीलचेअरवरून केले.

तर 'एकदम' असं काही झालं नाही. माझ्या मते उशीर झाला हेच बरं झालं. आधीची गाणी उसन्या दुःखाची वाटतात. १९८८ मध्ये तो सिनेमा शिकायला लंडनला सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयात गेला आणि लांबून त्याला आपलं गाव दिसायला लागलं. मग गाण्यांत वॉलपेपर आले, शेजारणी आल्या, मैत्रिणीच्या बहिणीच्या खोलीत कपाटात लपून बसलेला मुलगा आला (ते 'बेबीज').

'कॉमन पीपल'चं बीजही त्याच कॉलेजातलं. शिल्पकला शिकणारी एक श्रीमंत ग्रीक मुलगी म्हणते, मला सामान्य लोकांसारखं जगायचंय. तो तिला सुपरमार्केटमध्ये नेतो आणि सांगतो, समज तुझ्याकडे पैसे नाहीत. तिला हसू येतं. पुढे तो सुनावतो: भिंतीवर झुरळं चढताना दिसली तरी बापाला एक फोन केलास की तुझं सगळं थांबेल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे नुसतं नाचायचं गाणं वाटलं होतं. मूळ चाल अगदी बाळबोध आहे, लंडनमधल्या एका सेकंडहँड दुकानात जुन्या रेकॉर्डी देऊन घेतलेल्या छोट्या कॅसिओ कीबोर्डवर सुचलेली. पण लय सतत चढत जाते, आवाज कुजबुजीपासून ओरडण्यापर्यंत पोचतो, आणि शेवटी कळतं की माणूस भयंकर चिडलाय.

गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. त्याच वर्षी जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या मोठ्या संगीत महोत्सवात स्टोन रोझेस हा बँड वाजवणार होता, पण त्यांच्या गिटारिस्टचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि ऐनवेळी पल्पला मुख्य जागा मिळाली. शेवटी 'कॉमन पीपल' सुरू झालं आणि अख्खं मैदान गायला लागलं. रेकॉर्डिंग मिळतं, जरूर बघा. मायकेल जॅक्सनच्या गाण्यात जार्व्हिस स्टेजवर घुसल्याचा किस्सा कुणीही सांगेल, मला त्याचा कंटाळा आलाय.

सुरुवात 'डिफरंट क्लास'पासूनच करा (१९९५चा, पुढच्या वर्षी त्याला मर्क्युरी हा ब्रिटनमधला अल्बमचा पुरस्कार मिळाला). मग 'हिज एन हर्स'. 'धिस इज हार्डकोर' लगेच लावू नका, प्रसिद्धी अंगावर आलेल्या माणसाचा तो अल्बम आहे, जड जातो. २००१ चा 'वी लव्ह लाइफ' निवांत ऐका. त्यानंतर थेट २०२५ चा 'मोर'. बासवादक स्टीव्ह मॅकी २०२३ मध्ये गेला, हा अल्बम त्याला अर्पण केलाय. 'इट' सगळ्यात शेवटी, आणि तोही १९ वर्षांच्या पोराचं गाणं म्हणून ऐका.