व्हाळ नितळला, म्हणून मासा चांगला?

प्रश्न : आमचं घर गोव्यात साखळी गावाजवळ, व्हाळाला म्हणजे ओढ्याला लागून. पावसात खाणींकडचं लाल पाणी येतं. चतुर्थीनंतर व्हाळ नितळतो, मग मुलगा गळ टाकून मरळ आणतो. पाणी स्वच्छ झालं, म्हणजे त्यातले धातूही गेले ना? त्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, करायला हरकत नाही ना?

उत्तर : ताई, पाण्याच्या रंगावर जाऊ नका. लाल रंग लोहाच्या गाळाचा. तो कल्ल्यांवर बसतो, माशाचा श्वास कोंडतो. वाईटच, पण निदान दिसतो तरी. विरघळलेला धातू दिसत नाही, आणि कल्ल्यांतून थेट रक्तात उतरतो तो हाच.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असताना खाणपट्ट्यातल्या एका व्हाळाचे मासे कापून पाहिले होते. कल्ले लालभडक हवेत, ते राखाडी पडलेले. भिंगाखाली कंगव्यासारखे दाते एकमेकांना चिकटलेले, वर शेंबडासारखा थर. यकृत फिकट पिवळं. आणि त्या दिवशी व्हाळाचा तळ स्वच्छ दिसत होता! ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गोड्या पाण्यातला मासा अंगाला लागणारे क्षार कल्ल्यांनीच पाण्यातून ओढून घेतो. तांबं त्याच्या सोडियमची वाट अडवतं, कॅडमियम कॅल्शियमची. तांब्यानं वास घेण्याची शक्तीही जाते. मग अन्न कुठे, शत्रू कुठे, त्याला कळत नाही. पाण्यात चुना भरपूर असला तर कल्ल्यांना थोडं संरक्षण मिळतं. आपलं जांभ्या दगडातून झिरपणारं पाणी मऊ, म्हणजे चुना कमी असलेलं, आणि किंचित आंबट. त्यामुळे तेवढाच धातू इथे जास्त बाधतो.

2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता नद्या सुधारतील. पण तळाचा गाळ कुठे जाणार? उन्हाळ्यात डोहातलं पाणी साचून राहतं, तळाशी प्राणवायू कमी होतो आणि गाळातलं मँगनीज पुन्हा विरघळतं.

मरळ जिवंत, उड्या मारतोय, यावरही विसंबू नका. तो वर येऊन हवेतला श्वास घेतो; दुसरे मासे मरतात तिथेही तो तगतो.

आता हुमणाचं. व्हाळातला मासा तपासून घेतल्याशिवाय रोज खाऊ नका. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर देऊच नका. कधी केलाच, तर कल्ले आणि यकृत काढून फेकून द्या. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली काळपट लाल पट्टी असते ना, आपण रक्त समजून अर्धवट धुतो ती? ते मूत्रपिंड. कॅडमियम तिथे आणि यकृतात साठतं. ती नखानं खरवडून पूर्ण काढा. पारा मात्र मांसातच असतो. धुऊन, चिंच घालून, उकळून तो जात नाही.

तपासणीला नुसती पाण्याची बाटली देऊ नका. मुलाला सांगा, दोन-तीन मासे न कापता बर्फात घालून प्रयोगशाळेत ने, आणि मांस व यकृत वेगवेगळं तपासायला सांग.