ट्रायकोग्रामा : जात, जाती की प्रजाती?

चोपड्याहून एका वाचकाने विचारले आहे : कपाशीत लावायच्या कार्डावर ‘ट्रायकोग्रामा चिलोनिस’ (किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणारा चिमुकला मित्रकीटक) छापलेले असते. बातम्यांत त्याला ‘प्रजाती’ म्हणतात, मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘जाती’ आणि दुकानदार ‘जात’. बरोबर काय?

पुस्तक बरोबर आहे. मराठी परिभाषेत वरून खाली कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड. ट्रायकोग्रामॅटिडी हे कुल, ट्रायकोग्रामा ही प्रजाती आणि ‘ट्रायकोग्रामा चिलोनिस’ हे दोन शब्द मिळून जातीचे नाव. बातम्यांतला घोळ हिंदीमुळे. तिकडे आपल्या जातीला ‘प्रजाति’ म्हणतात आणि प्रजातीला ‘वंश’. ‘जात’ आपण केळीच्या बसराई-श्रीमंतीसारख्या वाणांनाही म्हणतो, म्हणून कीटकांच्या बाबतीत तो शब्द नकोच.

हा कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. पायाच्या टोकाच्या भागाला तीनच खंड दिसले की कुल ठरते. जवळच्या इतर कुलांतल्या बहुतेक भाऊबंदांना चार किंवा पाच असतात. प्रजाती पंखावर कळते. पंखावरचे बारीक केस ओळींत असतात, आणि नावही त्यावरूनच पडले : ग्रीकमध्ये ‘थ्रिक्स’ म्हणजे केस, ‘ग्रामा’ म्हणजे रेघ वा अक्षर. जवळच्या ट्रायकोग्रामाटॉयडिया प्रजातीत यांतली एक ठरावीक ओळ नसते आणि पंखाच्या कडेची झालर सहसा लांब असते.

जाती ओळखणे मात्र फार किचकट. एकट्या ट्रायकोग्रामात २०० हून जास्त जाती आहेत. रंग आणि आकार तापमानाप्रमाणे, ज्या अंड्यात वाढ झाली त्याप्रमाणे बदलतात. त्यांवर विसंबले की चुकलेच. भारतातली चिलोनिस कित्येक वर्षे ‘ऑस्ट्रॅलिकम’ या चुकीच्या नावाने वावरत होती. कीटकशास्त्रज्ञ सुधा नगरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियाची रचना हीच खरी खूण असल्याचे दाखवले. त्यासाठी नर काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. काही वाणांत वोल्बाकिया जिवाणूमुळे फक्त माद्याच निपजतात. तिथे डीएनए तपासणीला पर्याय नाही.

कार्डावर दिसतात ती तांदळावरच्या पतंगाची, परोपजीवीमुळे काळी पडलेली अंडी. (‘परजीवी’ही चालेल, ‘परभक्षी’ नाही, तो मावा खाणारा ढालकिडा.) आत कोणती प्रजाती आहे हे त्या काळेपणावरून कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून छापलेल्या नावावरच सगळी भिस्त. गुलाबी बोंडअळीसाठी शिफारस असते ती ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्रीची. ती चिलोनिसची नुसती बहीण-जाती नसून प्रजातीच वेगळी. ‘ट्रा. बॅक्ट्री’ असे लिहिले तर ‘ट्रा.’ म्हणजे दोन्हींतले कोणते, ते कळत नाही. देवनागरीत कार्ड छापणाऱ्यांनी प्रजातीचे नाव पूर्णच द्यावे, आणि घेणाऱ्याने बिलावरही तसेच लिहून घ्यावे.

दुकानात नुसते ‘ट्रायको द्या’ म्हणणेही सोडा. हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला चोळतात ती ट्रायकोडर्मा बुरशी आहे. ‘ट्रायको’ म्हणजे केस, एवढेच दोघांत सामाईक.