देवावर विश्वास आहे, तरी रात्री काळजीने झोप लागत नाही. काय करावं?

काळजी मोघम ठेवू नका. नेमकी सांगून देवाच्या हाती द्या आणि त्याच प्रार्थनेत एका गोष्टीचे आभार माना. ‘प्रभू, सगळं नीट कर’ एवढ्यावर मन शांत होत नाही. ‘प्रभू, पाच तारखेला हप्ता आहे, पैसे कमी पडताहेत, आज मुलं पोटभर जेवली, तुझे आभार’ असं बोला. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (४:६-७) बंदिवासातला प्रेषित पौल विनंती आणि आभार एकत्रच सांगतो. तिथे वचन शांतीचं आहे, अडचण लगेच सुटेल असं नाही. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नसेल, छाती धडधडत असेल तर डॉक्टरांकडे जरूर जा. तो अविश्वास नव्हे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायलाच सांगितलं होतं.