कृष्णविवरांवर संशोधन करायचं तर थिअरीच घ्यावी लागते का?

तुम्ही विचारलंय की कृष्णविवरांवर काम करायला थिअरीच घ्यावी लागते का, 'नुसतं डेटाचं काम' करून कोणी शास्त्रज्ञ होतं का, आणि यात कायमची नोकरी मिळते का. त्यातलं 'नुसतं' मला लागलं, म्हणून लिहितेय.

थिअरीच घ्यायला हवी असं अजिबात नाही.

माझी पीएचडी एक्स-रे जोडताऱ्यांवर होती. जोडीतल्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, त्याची तबकडी होते, ती तापून एक्स-रे फेकते. त्या एक्स-रेच्या वर्णपटात, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण येतात त्या आलेखात, लोखंडाची एक रेषा ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपास दिसते. तबकडी कृष्णविवराच्या जितकी जवळ पोचलेली, तितकी ही रेषा कमी ऊर्जेकडे पसरते, आणि त्या पसरण्यावरून कृष्णविवर स्वतःभोवती किती वेगानं फिरतंय ते काढतात.

तिसऱ्या वर्षी आम्हाला एक अतिशय प्रखर स्रोत मिळाला. रेषा इतकी रुंद, की फिरण्याचा वेग जवळजवळ कमाल मर्यादेला टेकत होता. पेपर लिहून तयार होता, पहिलं नाव माझं. पण मला पाइल-अपची शंका होती. स्रोत फार प्रखर असला की दोन फोटॉन (प्रकाशकण) एकाच फ्रेममध्ये एकाच पिक्सेलवर येतात, आणि डिटेक्टर त्यांच्या ऊर्जेची बेरीज करून एकच फोटॉन नोंदवतो. वर्णपटाचा आकारच बदलतो. म्हणून प्रतिमेच्या मधले पिक्सेल वगळायचे असतात. आम्ही वगळले होते, पण थोडेच. मी आणखी वगळले, रेषा अरुंद झाली. आणखी वगळले, आणखी अरुंद. पाच महिने मी दुसरं काही केलं नाही. पार्श्वभूमी बदलून पाहिली, निरीक्षणाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा तपासला. तो वेग काही टिकला नाही. पेपर थांबला.

गटाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, गाईड म्हणाले, "हे कारकुनाचं काम झालं. विज्ञान समीकरणात असतं." मी तेव्हा गप्प बसले.

आता सांगते. एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची निरीक्षणं एप्रिल २०१७ मध्ये झाली आणि चित्र १० एप्रिल २०१९ ला जगासमोर आलं. मधली दोन वर्षं कशात गेली? दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीचा डेटा असलेल्या हार्ड डिस्क तिथला हिवाळा संपेपर्यंत बाहेरच काढता आल्या नाहीत. मग कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणांमुळे मोजणीत येणाऱ्या चुका काढणं. मग चार गटांनी एकमेकांशी न बोलता चित्रं बनवली, कारण जे दिसावंसं वाटतं तेच दिसण्याचा धोका मोठा असतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोला १४ सप्टेंबर २०१५ ला कृष्णविवरांच्या विलीन होण्याचा पहिला संकेत मिळाला, तेव्हाही आधी हे तपासावं लागलं की चाचणीसाठी कोणी खोटा संकेत तर घातला नाही ना. जाहीर केलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. हे सगळं कारकुनी असेल, तर त्या कारकुनीशिवाय आपल्या हातात फक्त समीकरणं उरली असती.

नोकरीचं थोडक्यात. पीएचडी झाली की दोन-तीन वर्षांचे पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या, बहुतेकदा एकाहून जास्त, आणि बऱ्याचदा दर वेळी नवा देश. कायमच्या जागा पीएचडी झालेल्यांपेक्षा खूपच कमी, त्यामुळे बरेच जण बाहेर पडतात. मी दोन पोस्टडॉक केले आणि आज एका एक्स-रे उपकरणाच्या कॅलिब्रेशनमध्ये कायम आहे. डेटा हाताळता येणाऱ्याला बाहेरही काम मिळतं, माझ्या ओळखीच्या थिअरीवाल्यांपैकी काहींना ते उशिरा शिकावं लागलं.

थिअरी बिनकामाची आहे असं मात्र समजू नका. धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं घुमत शांत होतं, हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्येच गणितानं दाखवलं होतं. तेव्हा ते ऐकू शकेल असं उपकरण नव्हतं. आणि सापेक्षता मला शिकवली ती त्याच गाईडनी, उत्तम शिकवली. तुमचं मन समीकरणांत रमत असेल तर तीच वाट धरा.

पण वाट कोणतीही असो, गाईड निवडताना विषयाआधी एक विचारा: तुमच्या गटातला शेवटचा पेपर कुठल्या चुकीमुळे थांबला, आणि ती चूक कोणी पकडली? उत्तरात विद्यार्थ्याचं नाव आपणहून आलं तर तिथे जा. "आमच्याकडे असं होत नाही" म्हणाले तर दुसरीकडे अर्ज करा.