पुण्यातले वाडे बघायला निघताय? मग सुरुवात विश्रामबागवाड्यापासून करा

शनिवारवाडा आधी नको. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. उरले तट, दरवाजे आणि जोती. नवख्या नजरेला त्यातून वाडा उभा करणं जड जातं.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. रस्ता ओलांडून समोर उभे राहा आणि सज्जाचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब निवांत न्याहाळा. मी दर वेळी थांबतेच. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिथून पायीच अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, मग टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद. गाडी घरीच ठेवा, सकाळी लवकर निघा. आणि नांदत्या वाड्यात विचारल्याशिवाय फोटो काढू नका, तिथे माणसं राहतात.