दम्याचं निदान झालंय. बरं वाटत असतानाही पंप रोज घ्यायचा का?

तुम्ही लिहिलंय की कित्येक महिने नुसता कोरडा खोकला होता, फुंकायच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी दमा सांगितला आणि दोन पंप दिले. आता बरं वाटतंय, तर रोजचा पंप बंद करावा का, त्याची सवय लागेल का, आणि ऑफिसात कुणाला सांगावं का, हे तुमचे प्रश्न.

रोजचा पंप बंद करू नका, आणि त्याची सवय लागत नाही. मला दमा असल्याला बरीच वर्षं झाली आहेत. सुरुवातीला हेच प्रश्न मलाही पडले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘धाप लागत नाही, घरघर नाही, मग दमा कसला?’ ही तुमची शंका आधी घेते. दम्याच्या एका प्रकारात खोकला हेच मुख्य लक्षण असतं. माझाही खोकलाच होता. दिवसा फारसा नाही, पण पहाटे हमखास उबळ यायची. डॉक्टर विचारतात ना, की खोकला रात्री वाढतो का, हसल्यावर किंवा थंड हवेत येतो का, साधी सर्दी दर वेळी छातीत उतरते का, लहानपणी इसब किंवा सतत शिंका होत्या का, घरात कुणाला दमा आहे का, ते प्रश्न फार कामाचे असतात. दम्याचं लक्षण म्हणजे चढउतार. आज छाती मोकळी, उद्या आवळलेली, परवा पुन्हा मोकळी.

तपासणीतही हाच चढउतार शोधतात. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, सगळा जोर लावून फुंकायचं आणि फुंकतच राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो आकडा महत्त्वाचा. मग श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. मोठ्या माणसात तो आकडा १२ टक्क्यांहून जास्त आणि निदान २०० मिलिलिटरनं वाढला, तर दम्याच्या बाजूनं भक्कम पुरावा मिळतो. तुमच्या अहवालात औषधाच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन रकाने असतील, ते पाहा. बऱ्या दिवशी केलेली ही तपासणी अगदी नॉर्मलही येऊ शकते, आणि तेवढ्यानं दमा नाही असं ठरत नाही. अशा वेळी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा वेग मोजायचं छोटं साधन, घरी देतात. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकून आकडे लिहायचे. मोठ्यांमध्ये दिवसभरातला फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त निघाला, तर तोही पुरावाच.

आता दोन पंपांबद्दल, कारण सगळा घोळ तिथे होतो. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, आणि ती बऱ्या दिवशीही पूर्ण जात नाही. सुजलेली नलिका चिडकी असते. धूर, धूळ, थंडी, सर्दीचा विषाणू, असं काहीही लागलं की तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ धरतो आणि वाट अरुंद होते. साल्ब्युटामॉलसारखं तातडीचं औषध हे स्नायू काही मिनिटांत सैल करतं. त्याचा असर काही तासच टिकतो आणि सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवतं ते रोजच्या पंपातलं स्टेरॉइड, म्हणजे ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन. ते सावकाश काम करतं आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तुम्हाला आज बरं वाटतंय ते बहुधा याच पंपामुळे. तो थांबवला तर लगेच त्रास होईलच असं नाही. सूज हळूहळू परतते, आणि तिचा पत्ता लागतो तो पुढच्या सर्दीत किंवा धुरात.

स्टेरॉइड या शब्दाची धास्ती मी समजू शकते. पण मात्रा बघा. पंपाच्या एका मात्रेत साधारण १०० ते ४०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. मोठा अटॅक आल्यावर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात त्या दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि त्या सबंध शरीरात फिरतात. दोन्ही औषधं वेगळी आहेत, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना होत नाही, तरी अंदाज येतो. पंपाच्या भीतीनं जो रोजची छोटी मात्रा टाळतो, त्याच्यावरच पुढे गोळ्यांची वेळ येण्याची शक्यता जास्त. पंपाचे दुष्परिणाम म्हणजे मुख्यतः तोंडात पांढरी बुरशी आणि घोगरा आवाज. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकून टाकलं की ते बरेचसे टळतात. मात्रा मोठी असेल आणि वर्षानुवर्षं घ्यायची असेल, तर डॉक्टर हाडांवर आणि डोळ्यांवर लक्ष ठेवतात, तेही माहीत असू द्या. दोन-तीन महिने दमा चांगला ताब्यात राहिला, की डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करायचा विचार करतात. ‘पायरी उतरायची का?’ असं त्यांना नक्की विचारा, पण ती उतरायची त्यांच्या देखरेखीखाली.

सौम्य दम्यात काहींना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असा जोडपंप फक्त लागेल तेव्हा घ्यायला सांगतात, त्यामुळे कुणी ‘मी रोज घेत नाही’ म्हणालं तर ते चुकीचं असेलच असं नाही. त्या पंपातही सुजेचं औषध असतं. ‘जिना’ ही दम्याच्या उपचारांचं मार्गदर्शन करणारी जागतिक संस्था २०१९पासून हेच सांगते आहे, की मोठ्यांवर आणि किशोरवयीनांवर नुसत्या तातडीच्या पंपावर उपचार करू नयेत.

औषध बरोबर असूनही दमा आटोक्यात येत नाही, तेव्हा पुष्कळदा कारण असतं पंप घ्यायची पद्धत. पंप लिहून द्यायचा आणि घ्यायला शिकवायचं नाही, हे मला फार खटकतं. फवाऱ्याचा पंप असेल तर तो हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास घ्यायला लागा आणि त्याच वेळी दाबा. चार-पाच सेकंद आत ओढत राहा, मग दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास धरा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटानं. दाबणं आणि ओढणं एकत्र जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला पुढे जोडायची पोकळ नळी, घ्या. मी तर म्हणेन, जमत असलं तरी घ्या, कारण त्यानं घशात चिकटणारं औषध कमी होतं. तो साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसला तर घर्षणानं वीजभार तयार होतो आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. पावडरचा पंप असेल तर नेमकं उलटं. तिथे झटक्यात, जोरात ओढायचं असतं, स्पेसर लावायचा नसतो आणि चुकूनही त्यात फुंकायचं नसतं. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. आणि मात्रा मोजणारा आकडा बघत जा. औषध संपल्यावरही डबा हलवला की आवाज येतो आणि फवारा उडतो, त्यावर विसंबू नका.

त्रास कशानं वाढतो ते ज्याचं त्यानं शोधायचं. धुरापुढे मात्र तडजोड नको, स्वतःचा असो वा शेजारच्याचा. धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची, ॲलर्जी असेल तर चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. काहींना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी अटॅक येतो. रक्तदाबासाठी, हृदयासाठी देतात ती बीटा ब्लॉकर गटातली औषधंही धोक्याची, आणि काचबिंदूसाठी देतात ते टिमोलॉलचे थेंबही याच गटातले. म्हणून दाताच्या असोत की डोळ्यांच्या, प्रत्येक डॉक्टरांना दमा आहे हे आधी सांगा. व्यायाम सोडू नका. पळताना छाती आवळत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहे.

महिन्यातून एकदा स्वतःला चार गोष्टी विचारा. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदाहून जास्त झाला का? रात्री एकदा तरी दम्यानं जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनदाहून जास्त लागला का? दम्यामुळे कुठलं काम टाळलं का? एकाचंही उत्तर हो असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. वर्षाला तातडीचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर ती धोक्याची खूण आहे.

डॉक्टरांकडून एका कागदावर लेखी आराखडा करून घ्या. रोज काय, त्रास वाढला तर काय, दवाखाना कधी गाठायचा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तातडीच्या पंपानं उतार पडत नसेल, गळ्याखाली आणि फासळ्यांत खळगे पडत असतील, ओठ निळसर झाले असतील, तर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत आडवं होऊ नका, ताठ बसा आणि आराखड्याप्रमाणे पंप घेत राहा. धाप वाढत असताना घरघर अचानक थांबली तर आराम पडला असं समजू नका. हवा आतबाहेर होणंच इतकं कमी झालेलं असतं की आवाज निघत नाही, आणि ही सगळ्यात घातक अवस्था आहे.

ऑफिसबद्दल विचारलंत. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण शेजारी बसणाऱ्या एकाला तरी सांगा. तातडीचा पंप बॅगेच्या कोणत्या कप्प्यात असतो ते दाखवा, स्पेसरला कसा लावायचा ते एकदा त्याच्याकडून करवून घ्या, आणि आराखड्याच्या कागदाचा फोटो त्याला पाठवून ठेवा.