आईला परीक्षा मराठीतून देता येते का?

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे, ग्रीन कार्ड मिळून १६ वर्षं झाली, न्यू जर्सीत आमच्याकडेच असते. आम्ही सगळे अमेरिकन सिटिझन झालो, ती एकटीच राहिलीय. इंग्रजीच्या परीक्षेची धास्ती घेतलीय आणि त्यात सातबाऱ्यावरचं नाव जाईल असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. मागच्या वर्षी साताऱ्याला गेली ती सात महिन्यांनी परत आली. काय करावं?

उत्तर : आधी आईला सांगा की इंग्रजीची परीक्षा तिला नाहीच! वय ५५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झालेली असली की इंग्रजी माफ असतं, फक्त नागरिकशास्त्राचे प्रश्न राहतात आणि तेही दुभाषा सोबत नेऊन मराठीत देता येतात. आता नागरिकत्वाचा फॉर्म भरला तर १२८ प्रश्नांची यादी मिळते, त्यातले २० पर्यंत तोंडी विचारतात, १२ बरोबर आले की पास. माझ्या सासूबाई भाकऱ्या थापता थापता पाठ करायच्या, मी विचारायचे सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती, त्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणायच्या नऊ, आणि पहिल्याच खेपेला पास झाल्या. नापास झालं तरी त्याच अर्जावर अजून एकदा संधी मिळते.

खरी काळजी मला त्या सात महिन्यांची वाटते. सलग सहा महिन्यांच्या वर अमेरिकेबाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, मग टॅक्स रिटर्न वगैरे दाखवून घर इथेच होतं हे पटवून द्यावं लागतं. शिवाय मागच्या ५ वर्षांत एकूण ३० महिने तरी अमेरिकेत काढलेले हवेत. त्यामुळे फॉर्मच्या आधी एखाद्या इमिग्रेशन वकिलाला तारखा दाखवाच.

सातबाऱ्याचं म्हणाल तर नावावर आहे ती जमीन राहते, पुढे वारसाने आली तरी चालते, फक्त नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पण एक गोष्ट आईला आधीच नीट समजावून सांगा, अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं, मतदान जातं, भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो आणि गावी जायला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) किंवा व्हिसा काढावा लागतो. शपथेच्या दिवशी हॉलमध्ये ग्रीन कार्ड परत घेतात, तेव्हा सासूबाईंचा हात क्षणभर थांबला होता. तुमच्यापैकी कुणीतरी त्या दिवशी सुट्टी काढून आईसोबत जाच.